उसन्या पत्त्यावरचे इंटरनेट

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या जळगाव जामोदला रेल्वे नाही. गाडी पकडायची तर नांदुरा गाठावे लागते. इंटरनेट मात्र या तालुक्यात टॉवरवरून थेट हातातल्या फोनमध्ये आले. आधी घरात तारेचा टेलिफोन, मग ब्रॉडबँड आणि शेवटी मोबाइल हा शहरी क्रम इथल्या बहुतेकांच्या वाट्याला आलाच नाही. देशाचे चित्रही वेगळे नाही: भारतातल्या ब्रॉडबँड ग्राहकांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक ग्राहक बिनतारी जोडणीवर आहेत. सातबारा, ई-पीक पाहणी, पीकविमा, बँकेचे व्यवहार, मुलांचे प्रवेशअर्ज, सारे याच वाटेने चालते. त्यामुळे ही वाट कशी बांधली आहे, हा प्रश्न एकट्या अभियंत्यांचा राहत नाही. त्यातला सर्वांत कमी चर्चा झालेला भाग पत्त्याचा. इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता लागतो, आणि पत्त्यांची जुनी पद्धत जाऊन नवी येण्याचे काम गेली पंचवीस-तीस वर्षे चालू आहे. भारतातल्या मोबाइल जाळ्यांनी या कामात अनेक श्रीमंत देशांना मागे टाकले. ते यश खरे आहे, पण अर्धे आहे. उरलेले अर्धे आपोआप पुरे होणार नाही, कारण मधल्या काळापुरती म्हणून बसवलेली यंत्रणाच तो मधला काळ लांबवू लागली आहे. आणि त्याची किंमत सर्वाधिक मोजतो तो मोबाइलखेरीज दुसरी वाट नसलेला ग्राहक.

आज रूढ असलेली जुनी पद्धत, म्हणजे आयपीव्ही-४, सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात पत्ता ३२ बिटांचा असतो, म्हणजे जगभर मिळून सुमारे ४२९ कोटी पत्ते. काही संशोधनसंस्था आणि विद्यापीठे जोडायची होती तेव्हा हा आकडा अफाट वाटला, आणि वाटपही त्याच ऐसपैस वृत्तीने झाले. अमेरिकेतल्या एमआयटी या एकट्या संस्थेकडे १ कोटी ६७ लाखांहून अधिक पत्त्यांचा गठ्ठा होता. त्यातला मोठा भाग तिने २०१७ मध्ये विकायला काढला. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत. वाटपाच्या पंगतीला आपण उशिरा बसलो. पत्त्यांचा जागतिक साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये आशिया-पॅसिफिक विभागाने उरलेले पत्ते मोजून-मापून द्यायला सुरुवात केली. देशात मोबाइल जोडण्या शंभर कोटींच्या वर आणि जुन्या पद्धतीचे पत्ते मात्र काही कोटींच्या घरात, अशी आपली स्थिती आहे. ही टंचाई निसर्गाने आणलेली नाही. आधी आलेल्यांनी भरभरून घेतले, मागून आलेल्यांना उरलेले मिळाले.

टंचाईवर पहिला उपाय निघाला तो १९९४ मधला पत्ता-भाषांतराचा, म्हणजे नॅटचा. आतल्या अनेक यंत्रांना खासगी पत्ते द्यायचे आणि बाहेर जाताना सर्वांनी एकच सार्वजनिक पत्ता वापरायचा. घरापुरते हे ठीक होते. पुढे मोबाइल कंपन्यांनी हेच काम आपल्या केंद्रात, हजारो-लाखो ग्राहकांसाठी सुरू केले. एसटीडी-पीसीओवरून जगात कुठेही फोन लावता येत असे, पण तुमच्यासाठी तिथे फोन येणे कठीण असे. या व्यवस्थेतल्या ग्राहकाचे तसेच होते. तो बाहेर पोचतो, बाहेरचा त्याच्यापर्यंत थेट पोचत नाही. इंटरनेटच्या मूळ रचनेत टोकाला बसलेली दोन्ही यंत्रे बरोबरीची होती. भाषांतरामुळे एक टोक केवळ मागणारे उरले आणि दुसरे, म्हणजे मोठ्या कंपन्यांचे सर्व्हर, देणारे झाले.

कायमचा उपाय तेव्हाच तयार होत होता. आयपीव्ही-६ ची पहिली संहिता डिसेंबर १९९५ ची, सुधारित संहिता १९९८ ची, आणि पूर्ण मानक म्हणून मान्यता २०१७ ची. तिच्यातला पत्ता १२८ बिटांचा असतो. मोबाइल जाळ्यात एकेका फोनला पत्त्यांचा जो गट मिळतो, त्या एका गटातच जुन्या संपूर्ण इंटरनेटच्या चारशे कोटींहून अधिक पट पत्ते असतात. तरीही पंधरा-वीस वर्षे ही पद्धत बहुतांशी कागदावर राहिली, कारण ती जुन्या पद्धतीशी थेट बोलू शकत नाही. १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटने जुना नियम बंद करून नवा लागू केला तो एका ठरलेल्या दिवशी. तेव्हा जोडलेली यंत्रे शेकड्यांत होती. कोट्यवधी यंत्रांना असा एक दिवस देता येत नाही, आणि नवे स्वीकारणाऱ्या पहिल्या माणसाला खर्चच पडतो, लाभ होत नाही. भारताच्या दूरसंचार विभागाने जुलै २०१० मध्ये पहिला आराखडा काढला आणि सरकारी खात्यांना मार्च २०१२ पासून नवी पद्धत वापरायला सांगितले. २०१३ च्या दुसऱ्या आराखड्यात पूर्ण संक्रमणाची मुदत डिसेंबर २०१७ झाली. २०२१ मध्ये ती पुन्हा सरकून जून २०२२ वर गेली. मुदती पाळल्या गेल्या असत्या तर पुन्हा पुन्हा द्याव्या लागल्या नसत्या.

मोबाइलमध्ये मात्र चित्र पालटले, आणि त्यामागे आराखड्यापेक्षा निकड होती. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि सहा महिन्यांच्या आत तिचे दहा कोटी ग्राहक झाले. एवढ्या ग्राहकांना पुरतील इतके जुने पत्ते नव्या कंपनीला मिळणे शक्यच नव्हते. जाळे केवळ फोर-जीचे, त्यामुळे जुन्या उपकरणांचे ओझेही नव्हते. नवी पद्धत पहिल्यापासून बसवणे हाच तिथे स्वस्त मार्ग होता. इतर कंपन्या मागोमाग आल्या. २०१६ च्या आरंभी भारतात आयपीव्ही-६ चा वापर नगण्य होता; गुगलच्या मोजमापानुसार आज तो सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे, तर जगाची सरासरी निम्म्याच्या जवळपास. स्पेन आणि इटलीसारखे देश आपल्या फार मागे आहेत. त्यांच्याकडे जुने पत्ते पुरेसे होते, म्हणून त्यांना घाई नव्हती. जळगाव जामोदच्या बाजारात कुणाच्या खिशातला साधा फोर-जी फोन या एका बाबतीत माद्रिदमधल्या फोनच्या पुढे असू शकतो, ही अतिशयोक्ती नाही.

मग अडते कुठे? फोन नव्या पद्धतीचा झाला तरी तो ज्या सर्व्हरशी बोलतो ते सारे झालेले नाहीत. म्हणून दुभाषे लागतात. एक मार्ग दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालवण्याचा. त्यात जुन्या पत्त्यांची टंचाई कायम राहते आणि देखभाल दुप्पट होते. दुसरा मार्ग २०११ मध्ये प्रमाणित झालेल्या नॅट-६४ चा: फोनला फक्त नवा पत्ता द्यायचा आणि जुन्या सर्व्हरकडे जाणारी वाहतूक कंपनीच्या केंद्रात भाषांतरित करायची. पण काही ॲप जुन्या पत्त्याखेरीज चालतच नसत. त्यासाठी ४६४-एक्सलॅट ही युक्ती २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात फोन स्वतःच ॲपपुढे जुन्या पत्त्याचे सोंग उभे करतो, आणि ते सोंग कंपनीच्या केंद्रात उतरवले जाते. अँड्रॉइडने ही सोय केली. ॲपलने १ जून २०१६ पासून फक्त नव्या पद्धतीच्या जाळ्यावर न चालणारे ॲप नाकारण्याचा नियम केला. या दोन धोरणांतला फरक बोलका आहे. दुभाषा बसवला की जुने ॲप जुनेच राहिले तरी कुणाचे बिघडत नाही. नियम केला की ॲप बदलतात. संक्रमणयंत्रणा जितकी चोख, तितकी मागे राहणाऱ्याला मागे राहण्याची मुभा जास्त, हा या क्षेत्रातला सर्वांत महत्त्वाचा धडा आहे.

‘चालते आहे ना, मग चालू द्या’ हा यावरचा सर्वांत दमदार आक्षेप. व्हिडिओ दिसतो, पैसे जातात, व्हॉट्सॲप चालते. भाषांतर कुठे होते याच्याशी ग्राहकाला काय करायचे? शिवाय सरकारी संकेतस्थळ ऐन हंगामात बंद पडते ते पत्त्यांमुळे नव्हे, तर सर्व्हरची क्षमता अपुरी असल्याने, असेही कुणी म्हणेल, आणि बहुतेकदा ते खरेच असेल. ‘सर्व्हर डाउन’चे खापर आयपीव्ही-४ वर फोडणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण चालते आहे याचा अर्थ फुकट चालते आहे असा नाही. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने दिवाळखोर नॉर्टेल कंपनीकडून ६ लाख ६६ हजार ६२४ जुने पत्ते ७५ लाख डॉलरना घेतले, म्हणजे पत्त्यामागे सव्वाअकरा डॉलर. १ फेब्रुवारी २०२४ पासून ॲमेझॉनची सर्व्हरसेवा प्रत्येक सार्वजनिक जुन्या पत्त्याला तासाला अर्धा सेंट आकारते; वर्षाचे झाले सुमारे ४४ डॉलर. मोठ्या कंपनीला हे किरकोळ आहे. तालुक्याच्या गावात स्वतःची छोटी सेवा उभी करू पाहणाऱ्या तरुणाला तसे नाही. टंचाई टिकली की तिचे भाडे वसूल करणारे तयार होतात, आणि मग ती संपवण्यात त्यांना रस उरत नाही.

दुसरी किंमत न्यायाची आहे. २००७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांविषयीच्या आक्षेपार्ह मजकुरावरून पुणे पोलिसांनी बंगळूरच्या एका अभियंत्याला अटक केली. आयपी पत्त्यावरून माग काढताना इंटरनेट कंपनीने दिलेली माहितीच चुकीची होती, हे उघड होईपर्यंत त्याने सुमारे पन्नास दिवस कोठडीत काढले. त्या प्रकरणात पत्त्याची सामायिकी हे कारण नव्हते. चूक नोंदीची होती. पण एका आकड्यावर माणसाचे स्वातंत्र्य कसे टांगलेले असते, हे त्यातून दिसले. आज एकाच सार्वजनिक पत्त्यामागे एकाच क्षणी अनेक ग्राहक असतात. त्यातला नेमका कोण हे ठरवायला पत्ता आणि वेळ पुरत नाहीत. कोणत्या पोर्टवरून वाहतूक गेली याची सेकंदापर्यंत अचूक नोंद लागते, आणि ती समोरच्या सर्व्हरनेही ठेवलेली असावी लागते. युरोपोलने २०१७ मध्ये हीच अडचण जाहीरपणे मांडली होती. भर म्हणजे, सामायिक पत्त्यावरून एकाने उपद्रव केला की संकेतस्थळे तो पत्ताच अडवतात आणि निरपराध शेजाऱ्यांना ‘तुम्ही यंत्र तर नाही ना’ या परीक्षा देत बसावे लागते.

तिसरी किंमत फिरतेपणाची, आणि बिनतारी जाळ्यात तीच कळीची. आयपी पत्ता दोन कामे एकदम करतो: यंत्र कोणते हे सांगतो आणि ते कुठे आहे हेही सांगतो. यंत्र हलले की दुसरे उत्तर बदलते आणि त्यासरशी पहिलेही. मोबाइल क्रमांकाचे तसे नाही. जानेवारी २०११ पासून देशभर कंपनी बदलली तरी क्रमांक तोच ठेवता येतो, जुलै २०१५ पासून राज्य बदलले तरी, कारण क्रमांक आणि ठिकाण यांची सांगड घालणारी नोंद वेगळी ठेवली आहे. आयपीसाठी असेच करण्याचा प्रयत्न म्हणजे मोबाइल आयपीव्ही-६, जून २००४ चे मानक. त्यात यंत्राला एक कायमचा घरचा पत्ता आणि मुक्कामी पोचल्यावर एक तात्पुरता पत्ता मिळतो. घरचा प्रतिनिधी आलेली पाकिटे मुक्कामी पाठवतो, आणि पुढे दोन्ही टोके थेट बोलू लागतात. कल्पना देखणी होती, पण तिला फोन, जाळे आणि समोरचा सर्व्हर या तिघांचे सहकार्य लागत होते. मोबाइल कंपन्यांना सूत्रे फोनच्या हाती जाणे नको होते. २००८ चे प्रॉक्सी मोबाइल आयपीव्ही-६ हे काम फोनऐवजी जाळ्याकडे देणारे होते, तरी बहुतेक कंपन्यांनी त्यापेक्षा जीपीआरएसच्या काळापासून चालत आलेले, फोनची माहिती आपल्या केंद्रापर्यंत वाहून नेणारे बोगदेच चालू ठेवले.

परिणाम असा की टॉवर बदलला तरी फोनचा पत्ता टिकतो, पण तो टिकतो दूरच्या शहरात बसवलेल्या एका नांगराच्या आधाराने. जळगाव जामोदमधल्या एका फोनवरून त्याच गावातल्या दुसऱ्या फोनकडे जाणारी माहितीही आधी त्या केंद्रात जाऊन मगच परतते. सातपुडा चढून बऱ्हाणपूरकडे निघालो की महाराष्ट्राचे दूरसंचार वर्तुळ संपून मध्य प्रदेशचे सुरू होते. तिथे नव्याने नोंदणी होऊन पत्ता बदलू शकतो. घरच्या वायफायवरून मोबाइलवर गेलो तर बदलतोच. या तुटण्यावर उपाय शेवटी वरच्या थरात निघाला. मे २०२१ मध्ये प्रमाणित झालेला क्विक हा नियम संवादाला पत्त्यापासून वेगळा ओळख-क्रमांक देतो, त्यामुळे पत्ता बदलला तरी संवाद चालू राहतो. मग नव्या पत्त्यांची गरजच काय, असे कुणी विचारेल. गरज ही की क्विक संवाद टिकवतो. सुरू करण्यासाठी मात्र निदान एक टोक बाहेरून गाठता येण्याजोगे लागते. आणि भाषांतराची नोंद काही वेळात पुसली जात असल्यामुळे ती जिवंत ठेवायला फोनला अधूनमधून विनाकारण पाकिटे पाठवावी लागतात, त्यात बॅटरी खर्ची पडते.

याचा व्यवहारातला अर्थ शेतावर दिसतो. रोही आणि रानडुकरांपासून कपाशी-संत्र्याची राखण करायला सिमकार्डवर चालणारा कॅमेरा लावला, किंवा विहिरीवरच्या मोटारीला मोबाइल स्टार्टर बसवला, तर मालक त्या यंत्राशी इंटरनेटवरून थेट बोलू शकत नाही. यंत्र आणि मालक दोघेही निर्मात्याच्या सर्व्हरवर जाऊन भेटतात. तो सर्व्हर कुठल्या देशात आहे, चित्रे किती दिवस ठेवतो आणि कंपनी बंद पडल्यावर कॅमेऱ्याचे काय होणार, हे मालकाच्या हाती नसते. स्वतःचा, बाहेरून गाठता येणारा पत्ता असेल तर मध्यस्थ ठेवायचा की नाही हे मालक ठरवतो. जिओने सप्टेंबर २०२३ मध्ये एअरफायबर आणल्यापासून घरचे ब्रॉडबँडही लहान गावांत हवेतून येऊ लागले आहे. तेव्हा हा प्रश्न आता केवळ फोनचा नाही, घरातल्या आणि दुकानातल्या प्रत्येक यंत्राचा आहे.

यावर सुरक्षेचा आक्षेप येतो. बाहेरून कुणी पोचू शकत नाही हेच बरे. थेट पत्ता म्हणजे चोराला उघडे दार. भीती खोटी नाही, पण ती भाषांतराच्या खात्यात चुकीने जमा झाली आहे. अडवण्याचे काम फायरवॉलचे असते आणि ते नव्या पद्धतीतही तसेच करता येते. फरक एवढाच की तिथे अडवणे हा निर्णय असतो, पर्यायाचा अभाव नव्हे. माग काढला जाण्याची शंकाही जुनीच आहे. सुरुवातीच्या रचनेत पत्त्यात यंत्राचा कायमचा क्रमांक मिसळला जाई, म्हणून २००१ पासूनच ठरावीक काळाने बदलणाऱ्या तात्पुरत्या पत्त्यांची तरतूद झाली आणि आजचे फोन ती वापरतात. मात्र इथे एक मान्य करायला हवे: मोबाइल कंपन्यांनी नव्या पत्त्यांवरही बाहेरून येणारी वाहतूक सरसकट अडवली, तर ग्राहकाच्या दृष्टीने फारसे काही बदलत नाही. म्हणजे अडचण आता तंत्राची उरलेली नाही, धोरणाची आहे.

सर्वांत जड आक्षेप वेगळाच आहे. भिंगारा, चाळीसटापरी यांसारख्या सातपुड्यातल्या वस्त्यांना आधी रस्ता आणि खात्रीचे सिग्नल हवे. पत्त्यांची चर्चा हा भरल्या पोटाचा उद्योग. प्राधान्याचा हा क्रम मला मान्य आहे. अशाच वस्त्यांसाठी केंद्राने जुलै २०२२ मध्ये २४,६८० गावांपर्यंत फोर-जी नेण्याची २६,३१६ कोटींची योजना बीएसएनएलमार्फत मंजूर केली. पण टॉवर आणि पत्ता या दोन कामांत निवड करावी लागत नाही. नव्या टॉवरमागचे जाळे आजच बसते आहे, आणि आज बसवताना नवी पद्धत नीट बसवण्याचा जादा खर्च नगण्य असतो. दहा वर्षांनी बदलण्याचा प्रचंड असतो. जिओच्या अनुभवाने हेच सिद्ध केले. उशिरा पोचणाऱ्याला एकच फायदा मिळतो, जुने ओझे नसण्याचा. तोही वाया घालवला तर उशीर तेवढा पदरात उरतो.

उरतो तो बाजाराचा युक्तिवाद: जुने पत्ते महागले की लोक आपोआप नव्याकडे वळतील. मोबाइलमध्ये तसे झाले, कारण तिथे टंचाईचा चटका कंपनीलाच बसत होता. सर्व्हरच्या बाजूला तो बसत नाही. एखाद्या खात्याला किंवा सहकारी बँकेला आपल्या संकेतस्थळासाठी एक-दोन जुने पत्ते पुरतात. दुभाष्याचा खर्च मोबाइल कंपनी करते आणि त्रास ग्राहक सोसतो. ज्याने बदलायचे त्याला तोटा नाही आणि ज्याला तोटा आहे त्याच्या हाती बदलणे नाही, अशा ठिकाणी बाजार काम करत नाही; तिथे नियम लागतो. अमेरिकेच्या केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२० मध्ये आपल्या खात्यांना नुसते ‘नवेही चालवा’ असे न सांगता, २०२५ च्या आर्थिक वर्षाअखेर ऐंशी टक्के यंत्रे फक्त नव्या पद्धतीवर आणण्याचे लक्ष्य दिले. ते कितपत गाठले गेले हा वेगळा मुद्दा. दिशा बरोबर होती, कारण तिच्यात जुने बंद करण्याचा उल्लेख होता. आपल्या आराखड्यांतल्या सरकारी मुदती नवे सुरू करण्याच्या होत्या. जुने कधी थांबवायचे हे न ठरवता नवे सुरू केले की दोन्ही चालत राहतात.

म्हणून मागण्या चार. राज्य सरकारने नव्या पद्धतीवर न चालणाऱ्या संकेतस्थळाची वा ॲपची निविदा मंजूरच करू नये आणि आपल्या सेवांसाठी जुनी पद्धत बंद करण्याची तारीख आजच जाहीर करावी. ट्रायने मोबाइल आणि एअरफायबरच्या ग्राहकाला, त्याने मागितल्यास, स्थिर आणि बाहेरून गाठता येणारा आयपीव्ही-६ पत्ता देणे कंपन्यांना बंधनकारक करावे. न मागणाऱ्यासाठी दार बंदच असू द्यावे. गावोगावच्या केबल-ब्रॉडबँड पुरवठादारांना नवी उपकरणे घेण्यासाठी मुदत आणि मदत दोन्ही द्यावी. आणि शेगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या जवळच्या संस्थांनी हा विषय परीक्षेपुरता न शिकवता परिसरातल्या पंचायती, बाजार समित्या आणि सहकारी बँकांची जाळी बदलण्याचे काम विद्यार्थ्यांकडे सोपवावे. यातल्या एकाही गोष्टीला नवा शोध लागत नाही. आयपीव्ही-६ ची संहिता तीस वर्षांपूर्वीची आहे, ग्राहकाच्या हातातला फोन ती आधीपासूनच बोलतो, आणि तालुक्याच्या ग्राहकाने त्यासाठी जे करायचे होते ते केव्हाच करून झाले आहे. आता पाळी सर्व्हर चालवणाऱ्यांची आणि नियम करणाऱ्यांची आहे.